फुंकरीनं पडलेली तालीम

मळेवाडीच्या तालमीपुढं त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पारावर माणसं, भिंतीवर माणसं, शेजारच्या गोठ्याच्या कौलांवरसुद्धा माणसं. कौलं फुटत होती आणि गोठ्याची मालकीण हरणाबाई खालून शिव्या घालत होती. पण शिव्या घालताना तिचीही नजर तालमीच्या अंगणातच होती. अंगणात गावचे पैलवान लंगोट कसून, हात जोडून, डोळे मिटून ओळीनं उभे होते. त्यांच्यासमोर खाली भगवी लुंगी आणि वर मिलिटरीचा जुना खाकी कोट अशा थाटात फुंकरबाबा उभे होते.

"बच्चा लोग," बाबा म्हणाले, "चीन मुलखात, बर्फाच्या डोंगरात, गुहेत बसून आम्ही बारा वर्षे वायू गिळला. अन्न नाही, पाणी नाही. फक्त वायू! तो आता आमच्या बेंबीत चक्रासारखा फिरतो. हत्तीला फुंकला तर हत्ती बसेल. विमानाला फुंकला तर विमान उतरेल."

"मग लढाईत का फुकला न्हाई?" असं मागून कुणीतरी पुटपुटलं. शेजारच्यानं त्याला कोपरानं गप्प केलं.

एकेक पैलवान पुढं आला, बाबांच्या पायावर डोकं ठेवून गेला. बाबांनी तालमीच्या हौद्यातली तांबडी माती चिमटीनं घेऊन प्रत्येकाच्या कपाळाला लावली. मग ते चार पावलं मागं सरले, गाल फुगवले आणि फुंकर मारली. पहिला पडला गुंडा, तालमीचा सगळ्यात दांडगा गडी. पाठीवर आडवाच झाला. त्याच्यामागून सगळी ओळ धडाधड मातीत लोळली. शेवटी बाबांनी तालमीचे वस्ताद नाथाजी यांच्याकडं तोंड वळवलं. ज्यांची पाठ उभ्या आयुष्यात कुणी मातीला लावली नव्हती असे नाथाजी वस्ताद क्षणभर डगमगले आणि मटकन खाली बसले.

मग काय विचारता! "फुंकरबाबा की जय" म्हणून जो कल्लोळ झाला, त्यात गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. बाबांनी तिच्यावर मात्र फुंकर मारली नाही.

गर्दीच्या कडेला सयाजी उभा होता. गुऱ्हाळावर चुलवणापाशी काम करून आला होता आणि डोळे धुरानं लाल झाले होते. हा सयाजी मिलिटरीतला ड्रायव्हर. मलायात दारूगोळ्याची लॉरी चालवायला गेला आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडला. परत आला त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं, पण अंगातला शीण काही जात नव्हता. जयजयकाराचा तर त्याला फारच शीण येई. बाहूला पिराचा ताईत बांधून, मला गोळी लागत नाही म्हणत उघड्यावर चालत गेलेला एक दोस्त त्यानं पाहिला होता. ताईत शाबूत राहिला होता.

"सयाजी, गड्या," शेजारचा केरबा त्याला डिवचत म्हणाला, "तुजी चिनी इद्या खरी निगाली की रं! तुला मातर गावली न्हाई."

सयाजीनं चुरचुरणारे डोळे पुसले.  त्याची चिनी विद्या गावानं कधीच निकालात काढली होती. रोज सकाळी नदीच्या काठावर तो गुडघे किंचित वाकवून उभा राही, मग पाण्यातून चालावं तसे संथ हात फिरवत पावलं टाकी. ते बघून बायका धुणं थांबवून हसत. कैदेत डोक्यावर परिणाम झालाय, असं गावाचं मत ठरलं होतं.

ती विद्या त्याला शिकवली होती एका भाजीवाल्या म्हाताऱ्यानं. कैद्यांच्या छावणीलगत त्याचा मळा होता आणि कैद्यांना तिथं खणायला नेत. त्या मुलखात म्हाताऱ्या चिन्याला 'आपेक' म्हणतात, म्हणून सयाजीही त्याला आपेकच म्हणे. उपासमारीनं सयाजीचे पाय सुजले होते, दोन ढेकळं ओलांडली तरी तोल जाई. आपेकनं त्याला आपल्याबरोबर उभं केलं आणि पुढं कितीतरी दिवस नुसतंच उभं ठेवलं. पुढचं काय, असं सयाजीनं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं की म्हातारा त्याच्या खांद्यावर बोट ठेवी. इथं अजून ताठ आहेस, असा त्याचा अर्थ. एकदा सयाजीनं चिडून विचारलं, तू एवढी वर्षं करतोस, तुझा ताठा गेला का? म्हातारा खूप हसला आणि त्यानं बोट स्वतःच्याच खांद्यावर ठेवलं. तायची, तायची असं काहीतरी तो त्या प्रकाराला म्हणे. त्यात गुहा नव्हती, वायू नव्हता. रोज करायचं आणि आपल्याला अजून येत नाही हे रोज कबूल करायचं, एवढंच होतं. पण अशा गोष्टीला गर्दी जमत नाही.

गुंडा हा सयाजीचा सख्खा भाचा, राहीबाईचा एकुलता एक मुलगा. थंडीच्या सुरुवातीला तो मोठ्या हौसेनं नदीवर आला होता. "मामा, ती चिनी कुस्ती मला शिकवा." सयाजीनं त्याला उभं केलं. गुंडानं काही दिवस कळ काढली आणि मग एका सकाळी त्याचा संयम सुटला.

"मामा, नुसतं हुबं ऱ्हाऊन कुटं पैलवान होतंय व्हय?"

"होत न्हाई," सयाजी म्हणाला. "पर हुबं ऱ्हाता येत नसंल तर असलेला पैलवान बी पडतोय."

"आन् हे कवा यायचं?"

"मला बी अजून आलं न्हाई."

"मंग तुमच्याकडनं शिकून काय फायदा?" असं म्हणून गुंडा जो गेला तो परत आला नाही. आणि पुढं, पंधरा दिवसांपूर्वी, फुंकरबाबा गावात मुक्कामाला आले. त्यांच्याकडं एका फुंकरीत सगळं मिळत होतं, शिवाय उभंही राहावं लागत नव्हतं.

त्या दुपारी राहीबाई भावाच्या दारात आली. सकाळी लेक पडला तेव्हा तीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. आता तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"दादा, गुंडानं मेहनत सोडलीया. जोर न्हाईत, बैठका न्हाईत. बाबा म्हनं, घामावाटं शक्ती गळतीया. त्याच्या खुराकाचं दूध बी बाबाकडंच जातंय. शक्ती फुकायला दूध लागतं म्हनं."

"वायू गिळणाऱ्याला दूध कशाला गं?"

"चेष्टा नगा करू. परवा इस्लामपुरात त्याची बिराप्पासंगं कुस्ती हाय. निकाली. बाबानं सांगितलंय, हात बी लावू नगंस, नुसती फुकर मार. शक्ती तुज्यात घातलीया." ती उंबऱ्यावर टेकली. "गेल्या साली बिराप्पानं एकाला उचलून आपटलं, त्यो अजून अंथरुणावर हाय. माजं पोरगं हात खाली सोडून त्याच्यापुढं हुबं ऱ्हानार हाय, दादा."

 दंडाला ताईत बांधून चालत गेलेला दोस्त सयाजीच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याला रागही येईना, इतका तो असल्या गोष्टींनी थकला होता. पण भाचा एकच होता. तो उठला आणि तालमीकडं गेला.

तालमीत नाथाजी वस्ताद एकटेच बसले होते. हौद्यातली माती रोज खणायची, तिच्यात तेल-ताक घालायचं, हा तिथला शिरस्ता. बाबा आल्यापासून कुदळ भिंतीला टेकली होती आणि माती उन्हातल्या पापडासारखी कडक झाली होती. सयाजीनं कुदळ उचलली आणि खणायला लागला. खणता खणता त्यानं विचारलं.

"वस्ताद, एक इचारू? राग धरू नगा. तुमी पडला कसं?"

वस्तादांनी मान खाली घातली. "मी डाव दाखवताना पठ्ठ्याचा हात धरला, तर पठ्ठा काय करतो?"

"अंग देतो." सयाजी पोरवयात याच मातीत लोळला होता. वस्ताद डाव दाखवत असले की शिष्यानं ताकद लावायची नाही, शरीर सैल सोडून वस्ताद पाडतील तसं पडायचं. याला तालमीत अंग देणं म्हणत.

"आन् ताठ ऱ्हायला तर?"

"तर वस्तादाचा अपमान."

"झालं तर. बाबानं आधी पायावर डोकं ठिवून घेतलं, माती लावली. म्हंजे त्यो वस्ताद झाला. माजी पोरं माज्या डोळ्यांदेखत धडाधड पडली. मी एकटाच हुबा ऱ्हायलो असतो तर गाव म्हनलं असतं, म्हाताऱ्याला लय ग चढलाय." वस्तादांनी एकदा दाराकडं पाहून घेतलं. "मी अंग दिलं, सयाजी."

"आन् पोरं?"

"पोरं खरीच पडली की! मी बघितलं नव्हं का?"

सयाजीला हसू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. "पोरं बी हेच म्हनत असतील, वस्ताद. मी अंग दिलं, पर वस्ताद मातर खराच पडला."

 हा विचार वस्तादांच्या मनाला शिवलाच नव्हता. अख्खी तालीम एकमेकांकडं बघून पडली होती, आणि जो तो आपण एकटेच लबाड आहोत असं समजून गप्प होता.

"गावाला सांगा मंग."

"कुठल्या तोंडानं रं?" वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांचा निरोपाचा सोहळा होता. हलगी कडकडत होती. गुंडाच्या गळ्यात हार होता आणि बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगत होते, "उद्या इस्लामपूरच्या मैदानात हा बच्चा उभा राहील, फुंकर मारील आणि बिराप्पा वाळक्या पानासारखा उडेल!" गर्दी आणखी दाटली होती. पार पलूसपासून माणसं आली होती.

सयाजी पुढं आला. "बाबा, जायच्या आधी मला बी एक फुकर मारा."

बाबांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. समोर वाळका, गालफडं बसलेला माणूस. "ये बच्चा. पाया पड."

"पाया पडतो. माती तेवढी नगं. उन्हानं डोकं तापलंय."

तो पाया पडला आणि नदीवर उभा राहायचा तसाच सैल उभा राहिला. बाबांनी गाल फुगवले, फुंकर मारली. सयाजी उभाच. बाबा दोन पावलं पुढं आले, पुन्हा फुंकर. सयाजीनं तोंडावर उडालेली थुंकी धोतराच्या सोग्यानं पुसली.

"हा नास्तिक आहे!" बाबा गरजले. "याच्याजवळ चिनी चेटूक आहे!"

"मंग हिला फुका." सयाजीनं राहीबाईला पुढं केलं. बाबांनी फुंकर मारली, ती उभीच राहिली. मग कुणी न बोलावता हरणाबाई घुसली. "मला बी फुका. माजी कौलं फोडलीत तुमच्या भक्तांनी." बाबांनी जीव खाऊन फुंकर मारली. हरणाबाईची कपाळावरची बट तेवढी हलली. गर्दीत हसू फुटलं.

"शक्तीला भाव लागतो!" बाबांचा आवाज चढला. "ज्याच्या मनात किंतु, त्याला शक्ती लागत नाही! या बायकांच्या मनात भाव नाही!"

"बरूबर," सयाजी शांतपणे म्हणाला. "भाव आसंल तरच मानूस पडतो. बाबांनीच सांगितलं, आयकलं न्हवं समद्यांनी? मंग मला एवढंच सांगा, उद्या इस्लामपुरात बिराप्पा तुमच्यावर भाव ठिवून हुबा ऱ्हानार हाय का?"

हलगी थांबली. बाबांनी तोंड उघडलं, पण त्यातून फुंकरही निघाली नाही.

त्या शांततेत नाथाजी वस्ताद पुढं आले. म्हातारा घामानं डबडबला होता. आयुष्यभर मैदानं मारली, पण एवढं जड पाऊल त्यांनी कधी टाकलं नसेल. "गावकरी हो," ते म्हणाले, "मी पडलो न्हवतो. मी अंग दिलं. बाबाला वस्ताद म्हनून मान दिला. खोटं वागलो."

ओळीतला एक पैलवान पुटपुटला, "म्या बी." मग दुसरा. "मला वाटलं, मी एकटाच." हां हां म्हणता सगळी तालीम कबूल होत गेली. फक्त गुंडा गप्प होता. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आपण पहिले पडलो, म्हणजे सगळे आपल्याला बघून पडले, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तेच त्याला सोसवेना.

"मामा!" तो ओरडला. "तुमास्नी माजं चांगलं बघवत न्हाई!" आणि बैलासारखा तो सयाजीवर धावून आला.

सयाजीनं हात उचलला नाही. गुंडाचे तळहात छातीला लागले तसं त्यानं अंग थोडं वळवलं. सगळा जोर पुढं घेऊन आलेला गुंडा त्याच्या बाजूनं निसटला आणि तालमीच्या दारात तोंडावर आपटला.

 मग केरबाच किंचाळला, "शक्ती! आरं, खरी शक्ती तर हितं हाय! सयाजीबाबा की जय!" आणि तुम्हांला सांगतो, हीच ती माणसं, ज्यांनी घटकेपूर्वी एका भोंदूला उघडं पडलेलं पाहिलं होतं. दोघं-तिघं सयाजीच्या पायाशी वाकले. बाबांसाठी आणलेला नारळ कुणीतरी त्याच्यापुढं फोडलासुद्धा. बाबांनी ती संधी साधली आणि कऱ्हाडकडं जाणारी बैलगाडी गाठली. वायूवर जगणारा तो महापुरुष जाताना पुरणपोळ्यांचं गाठोडं काही विसरला नाही.

सयाजी पायाशी वाकलेल्या डोक्यांकडं बघत राहिला. इतका थकवा त्याला कैदेतही आला नव्हता. आणि लपवायचं कशाला, मनाच्या एका कोपऱ्यात त्याला गोडही वाटलं. वर्षभर हसणारं गाव पायाशी होतं. त्यानं नुसतं गप्प राहायचं, की तोही बाबा झाला असता. पण लगेच त्याला स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून हसणारा आपेक आठवला.

"उटा," तो खेकसला. "उटा म्हनतो ना! शक्ती न्हाई न् बिक्ती न्हाई. गुंडाचं समदं वजन म्होरल्या पायावर हुतं. मी बाजूला झालो, त्यो त्याच्याच वजनानं पडला. दार ढकलताना आतनं कुनी उघडलं तर तुमी पडता का न्हाई? तेवढंच. आन् आता मला पाडा. केरबा, ये. म्होरनं नगं, बाजूनं ये."

केरबा बिचकत आला आणि त्यानं बगलेतून रेटा दिला. सयाजीचा पाय उचलला गेला, तो कलंडला आणि मातीत आडवा आपटला. नाकातोंडात माती घेऊन उठला.

"बघितलं? त्या बाजूनं मी अजून कच्चा हाय. रोज करतोय, तरी कच्चा. ज्याला येतं त्यो असा माती खाऊन सांगतो. ज्याला येत न्हाई त्यो गुहा सांगतो. जिची पारख करता येत न्हाई, अशी इद्या कुनी दावली तर पाया पडायच्या आधी तिची पारख मागा. बाईवर फुकायला लावा, म्हशीवर फुकायला लावा. खरी आसंल तर टिकंल."

गुंडा उंबऱ्यावर बसून होता. ओठ फुटला होता. राहीबाई पदरानं रक्त पुसायला गेली तर त्यानं तिचा हात बाजूला केला नाही.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मैदानात बिराप्पानं शड्डू ठोकला तेव्हा गुंडा आखाड्यात आला. पण लंगोटावर नाही, सदरा-पटक्यात. बरोबर वस्ताद होते आणि मागं सयाजी. गुंडा पंचांपुढं गेला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "माजी मेहनत न्हाई. मी फसलो. एका फुकरीनं पैलवान होनार हुतो. आज मी कुस्ती धरत न्हाई. तयारी झाली की येईन."

मैदानानं जी हुर्यो उडवली ती विचारू नका. ढेकळं आली, चपला आल्या, "बांगड्या भर" म्हणून आरोळ्या आल्या. त्यात मळेवाडीचे कालचे भक्तही होते आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता. बिराप्पा मात्र हसला नाही. तो आपला अवाढव्य देह घेऊन जवळ आला, गुंडाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या सीमेवरच्या कानडी मिसळलेल्या बोलीत म्हणाला, "छलो केलंस, तम्मा, चांगलं केलंस धाकट्या. उतरला असतास तर मी सोडला नसता बघ."

सयाजी कडेला उभा राहून ते बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. भाचा धडधाकट उभा होता. अंगावर ढेकळं पडत होती, आणि हात खाली सोडूनही तो हलत नव्हता.

वाचकहो, फुंकरबाबा आता दुसऱ्या गावी गेले असतील. तिथं ते फुंकर सोडून हात फिरवत असतील, पाणी शिंपडत असतील. त्यांच्यासारख्यांना आपल्याकडं तोटा नाही, आणि त्यांचा पाठलाग करून सयाजीसारखी माणसं थकून जातात. तेव्हा एवढंच करा. पुढं कधी असल्या ओळीत उभं राहायची पाळी आली आणि शेजारचे धडाधड पडू लागले, तर त्यांच्याकडं बघू नका. मी खरोखर पडतोय, की नुसतं अंग देतोय, हे एकदा स्वतःला विचारा, आणि उत्तर आलं की ते मोठ्यानं सांगा. शेजारचाही बहुधा त्याचीच वाट बघत असतो.